जाळें घेऊन उडालेले पक्षी

एखाद्या समाजाचीं राजकीय मूल्यें कोणतीं, हें आपण त्याची राज्यघटना, त्याचे कायदे आणि त्याच्या पुढाऱ्यांचीं भाषणें यांवरून ठरवितों. ही रीत योग्यच आहे. परंतु तोच समाज आपल्या मुलांना कोणती गोष्ट सांगतो, आणि ती सांगतांना तिच्यांतलें काय ठेवतो व काय गाळतो, याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचें लक्ष क्वचितच जातें. मोठ्यांपुढें बोलतांना माणूस सावध असतो; मुलांपुढें त्याचें खरें मन प्रकट होतें. ज्या सात-आठ मिनिटांच्या एका कार्टून-चित्रपटानें आपल्याकडील निदान दोन पिढ्यांच्या बालमनांत 'एकी' या शब्दास रूप दिलें, त्याची या दृष्टीनें थोडी चिकित्सा करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा चित्रपट म्हणजे 'एक, अनेक और एकता'. फिल्म्स डिव्हिजननें तो 1974 सालीं काढला, आणि उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपट म्हणून त्यास राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. भाषा हिंदी असली तरी त्याच्यामागें मराठी हात आहेत. दिग्दर्शिका विजया मुळे या 1921 सालीं मुंबईंत जन्मलेल्या. फिल्म सोसायट्यांच्या चळवळींत त्यांनीं सत्यजित राय यांच्यासमवेत काम केलें. स्नेहीमंडळी त्यांना 'अक्का' म्हणत. 2019 सालीं त्या निवर्तल्या. संगीत वसंत देसाई यांचें. सावंतवाडीकडून आलेला हा कलावंत 'प्रभात'मध्यें उमेदवारी करून पुढें 'श्यामची आई' आणि 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटांचा संगीतकार झाला. चित्रें हलतीं केलीं भीमसेन यांनीं, शब्द विनयचंद्र मौद्गल्य यांचे, आणि आवाज त्या वेळीं बालवयांत असलेल्या साधना सरगम यांचा.

कथानक साधें आहे. बागेंत मुलें खेळत असतात. त्यांची ताई त्यांना 'एक' आणि 'अनेक' यांतला भेद समजावून देते आणि मग गोष्ट सांगते. दाणे टिपावयास उतरलेल्या चिमण्या व्याधाच्या जाळ्यांत सांपडतात. त्यांतली एक शहाणी चिमणी युक्ति सुचविते. त्याबरोबर सगळ्या जणी एकदम बळ करून जाळ्यासकट उडतात, व्याध मागें धांवत राहतो, आणि दूरच्या गांवचे उंदीर-मित्र जाळें कुरतडून त्यांना सोडवितात. गोष्ट ऐकून मुलेंही एकमेकांच्या आधारानें उंच होतात आणि झाडावरचे आंबे काढतात. शेवटीं हाच धडा सर्व देशास लागू होतो: वेष, रंग आणि भाषा अनेक, देश मात्र एक.

अशा चित्रांच्या चित्रपटांची परंपरा आपल्याकडे बरीच जुनी आहे. 'राजा हरिश्चंद्र' 1913 सालीं पडद्यावर आणणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनींच आगकाड्या एकेक करून हलवीत 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपट केला होता. 'प्रभात'नें 1934 सालीं 'जंबू काका' काढला; नांवावरूनच त्यांतला कोल्हा ओळखूं येतो. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना 1948 सालीं झाली आणि 1956 सालीं तिच्यांत कार्टून-विभाग निघाला. त्यास वळण लावण्यास डिस्नेच्या चित्रशाळेंत काम केलेले क्लेअर वीक्स हे आले. या विभागाच्या अगदीं आरंभींच्या कामांपैकीं एक म्हणजे 1957चा 'द बॅनियन डिअर'; जातककथेंतल्या न्यग्रोध नामक मृगराजाची ती गोष्ट, आणि तिच्या रेखाटनास आधार घेतला होता अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा. सरकारी चित्रशाळेनें मुलांशीं बोलावयास प्रारंभ केला तो जातकाच्या तोंडून, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आमच्या बिडकीनचें भौगोलिक स्थान या प्रकरणीं मोठें सूचक आहे. छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव लागतें. हाच रस्ता दक्षिणेकडे धरला तर आपण सातवाहनांच्या प्रतिष्ठानास पोंचतों. उलट उत्तरेकडे निघालों तर शहर ओलांडून शंभरएक किलोमीटरांवर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. पशुपक्ष्यांच्या मुखानें माणसांस शहाणपण शिकविण्याची कला ज्या भूमीवर नांदली तिचीं हीं दोन टोकें होत. प्रतिष्ठानच्या दरबाराशीं गुणाढ्याचें नांव जोडलेलें आहे. 'कथासरित्सागरां'त सोमदेव सांगतो कीं, गुणाढ्याची पैशाची भाषेंतली बृहत्कथा सातवाहन राजानें हिणवून परत पाठविली. तेव्हां तो कवि अरण्यांत बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नींत टाकी. आणि ते मूक श्रोते चारापाणी विसरून ऐकत राहत. राजाच्या पाकशाळेंत येणारें मांस निःसत्त्व होऊं लागलें तेव्हां कोठें चौकशी झाली आणि कथेचा उरलेला सातवा हिस्सा वांचला. ही दंतकथाच आहे. पण तिच्यांतला राजा कथेकडे वळतो तो स्वतःच्या ताटांत उणें पडल्यावर, हें तिच्या कर्त्यास पुरतें ठाऊक होतें.

जुन्या कथांविषयीं पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, कीं त्या कोणास उद्देशून होत्या? पंचतंत्राचें उत्तर प्रारंभींच मिळतें. महिलारोप्य नगरच्या अमरशक्ति राजाचे तीन मंदबुद्धि पुत्र सहा महिन्यांत राजनीतींत तरबेज करण्याचा विडा विष्णुशर्म्यानें उचलला, आणि त्यासाठीं या कथा रचिल्या. अजिंठ्याचेंही उत्तर फारसें वेगळें नाहीं. सोळावें लेणें वाकाटक सम्राट हरिषेण याचा सचिव वराहदेव यानें करविलें. सतरावें त्याच्या एका मांडलिक राजानें. त्या सतराव्या लेण्याच्या भिंतींवर काय रंगविलें आहे? आपल्या देहाचा पूल करून सर्व टोळीस पार नेणारा वानरराज महाकपि. ज्यानें बाण मारला त्यालाच आपले दांत काढूं देणारा षड्‌दंत हत्ती. म्हणजे ज्यांच्या हातीं सत्ता व द्रव्य होतें त्यांनींच खर्च करून भिंतीवर लिहविलें कीं, समर्थानें दुर्बळासाठीं झिजलें पाहिजे. ते तसे वागले कीं नाहीं हा प्रश्न निराळा. पण उपदेशाचा रोख वरच्याकडे होता, एवढें निश्चित.

आतां 1974च्या चित्रपटाकडे वळूं. प्रथम त्यानें काय मिळविलें तें पाहणें न्यायाचें होईल. पंचतंत्रांत आणि हितोपदेशांत जाळ्यांत सांपडतात तीं कबुतरें, आणि त्यांचा राजा आहे चित्रग्रीव. युक्ति राजाची, आज्ञा राजाची. प्रजेनें ती पाळावयाची. चित्रपटांत राजा नाहीं. शहाणी चिमणी ही थव्यांतलीच एक. तिच्या डोक्यावर मुकुट नाहीं आणि तिचें म्हणणें इतर ऐकतात तें पटलें म्हणून. ज्या देशानें 1950 सालीं प्रजासत्ताकाची घटना अमलांत आणली, त्याच्या मुलांना सांगण्यास हा फेरबदल शोभणाराच होता. तितकाच महत्त्वाचा दुसरा बदल असा, कीं येथें गोष्ट सांगते ती ताई. विष्णुशर्म्याच्या आसनावर एक मुलगी बसली आहे, आणि मुलगे तिच्या तोंडाकडे पाहत ऐकत आहेत. याचा कोठें गवगवा केलेला नाहीं, म्हणूनच तें मनांत खोल उतरतें. मराठवाड्यांतल्या ज्या घरांत त्या काळीं मुलीची शाळा चौथीपुढें जात नसे, त्या घरच्या मुलांनीं पुढें दूरदर्शनवर ही ताई पाहिली. अशा शिक्षणाचा हिशेब मांडतां येत नाहीं, पण तें व्यर्थ गेलें असें कोण म्हणेल?

परंतु राजा काढून टाकतांना त्याच्याबरोबर एक मोलाची गोष्टही गेली. मूळ कथेंत हिरण्यक उंदीर मित्रप्रेमानें प्रथम चित्रग्रीवाचेच पाश तोडूं लागतो. तेव्हां चित्रग्रीव त्याला थांबवितो: आधीं माझ्या परिवारास सोडव, माझी पाळी शेवटची. हिरण्यक दांतांच्या अशक्तपणाची अडचण सांगून पाहतो, तरी तो हट्ट सोडीत नाहीं. सर्व कथेचा कळस हा आहे. एकीनें उडणें हें प्रजेचें काम; पण पाश तोडण्याचा क्रम ठरविणें हें पुढारलेल्याचें काम, आणि त्या क्रमांत स्वतःस शेवटीं ठेवणें हें त्याचें शील. चित्रपटांतले उंदीर जाळें कुरतडतात, कोणाचें आधीं, कोणाचें मागून, हें कळत नाहीं. राजे गेले तरी पुढारी गेलेले नाहींत. शहाण्या चिमणीचे पाश केव्हां तुटले, हा प्रश्न प्रजासत्ताकांतही शिल्लक राहतोच.

दुसरी गाळलेली गोष्ट याहून मोठी आहे. याच कथेचें एक रूप जातकांत आहे, त्याचें नांव सम्मोदमान जातक. धर्मानंद कोसंबी आणि चिं. वि. जोशी यांच्यासारख्या पाली पंडितांनीं मराठी वाचकांस जातकांची ओळख करून दिली, म्हणून अनेकांस तें परिचित असेल. तेथें पक्षी आहेत लावे. बोधिसत्त्वाच्या सल्ल्यानें प्रत्येक लावा जाळ्याच्या एकेका घरांत डोकें घालतो, सगळे मिळून जाळें उचलून काटेरी झुडुपावर टाकतात आणि खालून निसटतात. असें रोज चालतें. पण पुढें एके दिवशीं चरावयास उतरतांना एका लाव्याचा पाय चुकून दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. तो क्षमा मागतो, तरी तंटा वाढतो, आणि जाळें मीच काय तो उचलतों अशी भाषा सुरू होते. बोधिसत्त्व ओळखतो कीं, येथें आतां निभाव नाहीं. तो आपल्या सोबत्यांसह निघून जातो. पुढच्या खेपेस जाळें पडतें तेव्हां जो तो दुसऱ्यास 'तूं उचल' म्हणतो, आणि व्याध सर्वांस टोपलींत भरून नेतो. बुद्धानें ही कथा सांगितली तो प्रसंगही लक्षांत घेण्यासारखा आहे: कपिलवस्तूस त्याच्याच ज्ञातिबांधवांत एका चुंबळीवरून भांडण लागलें होतें. आपल्या बाया डोक्यावर घागर घेतांना जी चुंबळ करतात, तीच ही. शब्दही तोच, पालींतून चालत आलेला. चुंबळीवरून कुळें बुडतात, हें मराठवाड्यांतल्या भाऊबंदकीस वेगळें सांगावयास नको.

चित्रपट थांबतो तो पक्षी सुटले तेथें. एकी केली, काम झालें. परंतु मोठी संकटें सोसून आलेली एकी क्षुल्लक कारणानें कशी विटते, आणि ती पुनः पुनः जोडावी लागते, हा धडा त्यांत नाहीं. बी.ए.च्या वर्गांत ही गोष्ट निघते तेव्हां चिमण्या आणि उंदीर सर्वांच्या ओळखीचे असतात. लाव्यांचा तंटा मात्र क्वचितच कोणास ठाऊक असतो. ज्या समाजाला एकी एकदांच करावयाची वस्तु वाटते, तो पहिल्या मतभेदालाच द्रोह समजूं लागतो. वस्तुतः लाव्यांचा नाश मतभेदानें झाला नाहीं. मागितलेली क्षमा घेतली गेली नाहीं, आणि आपल्यावांचून जाळें उचलतच नाहीं असा प्रत्येकास गर्व चढला, म्हणून झाला.

तिसरी गोष्ट व्याधाची. चित्रपटांत तो दुष्ट आहे आणि तेवढाच आहे. जातकांत मात्र त्यास घर आहे. रिकाम्या हातानें परतल्यावर बायको त्यास टाकून बोलते, दुसऱ्या कोणाचें घर चालवितोस काय म्हणून विचारते. तो तिची समजूत घालतो. कथाकार व्याधाचा पक्ष घेत नाहीं, पण त्याची चूल दाखवितो. आपल्या देशांत फांसे लावून पोट भरणाऱ्या जमाती होत्या आणि आहेत. 1871च्या कायद्यान्वयें इंग्रज सरकारनें अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि तो कायदा 1952 सालीं रद्द झाला तरी शिक्का पुसला गेला नाहीं. चित्रपटाच्या शेवटीं देशाचे रहिवासी म्हणून जी अनेक माणसें एकत्र येतात, त्यांत व्याधाचें मूलही आहे कीं नाहीं, असें एखाद्या चिकित्सक बालकानें विचारलें तर ताईस उत्तर शोधावें लागेल.

काय ठेवावें आणि काय गाळावें या निवडींतच राजकारण असतें, याचा पाश्चात्त्य देशांतला प्रसिद्ध दाखला म्हणजे ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'वरील कार्टून-चित्रपट. इंग्लंडांत जॉन हॅलस व जॉय बॅचलर या दांपत्यानें तो 1954 सालीं पुरा केला. त्याच्या खर्चाचा पैसा अमेरिकेच्या सी.आय.ए. या हेरखात्याकडून गुप्तपणें आला होता, हें मागाहून उघड झालें. पुस्तकाच्या शेवटीं डुकरें आणि माणसें यांत भेद उरत नाहीं. चित्रपटांत मात्र जनावरें डुकरांविरुद्ध पुनः उठाव करतात. एका शेवटाच्या बदलानें दोन्ही धन्यांवरचा आरोप एकाच धन्यावर आला. आपल्या चित्रपटामागें असा डाव होता असें कोणी समजूं नये. विजया मुळे यांच्या हेतूविषयीं शंका घेण्यास कांहींच जागा नाहीं. परंतु चित्रपट निघाल्यावर वर्षभरांत, 1975च्या जूनमध्यें, देशांत आणीबाणी आली. ऐक्य आणि शिस्त या शब्दांचा सर्वत्र घोष झाला, आणि वेगळें बोलणारे तुरुंगांत गेले. चांगला शब्द अर्धाच शिकविला कीं उरलेला अर्धा दुसरा कोणी आपल्या सोयीनें भरून काढतो.

यावर कोणी म्हणेल कीं, सात मिनिटांत लहान मुलांना किती सांगावयाचें? आक्षेप रास्त आहे. प्रत्येक गोष्टींत सर्व गोष्टी मावत नाहींत. पण एकीची गोष्ट सांगून झाल्यावर फुटीची गोष्ट कधींच सांगितली नाहीं, तर तो दोष सात मिनिटांचा नव्हे. मुलांना दुःखद शेवट झेपत नाहींत हेंही खरें नाहीं. आपल्या आज्या-पणज्यांनीं सांगितलेल्या कहाण्यांत मरण, उपेक्षा आणि पश्चात्ताप सर्व कांहीं असे. 'द बॅनियन डिअर'च्या कथेंत तर गर्भिणी हरिणीच्या ऐवजीं मृगराज स्वतः वधस्थानीं मान ठेवतो. तिचा स्वतःचा कळपनायक शाख तिला पाळी बदलून देत नाहीं, आणि परक्या कळपाचा न्यग्रोध तिच्या जागीं जातो. मुलांना हें कळतें. कोणाचें वागणें ओंगळ आणि कोणाचें उदात्त, हें त्यांना आपल्यापेक्षां लवकर कळतें.

त्याच कथेचा शेवट फारच थोड्यांच्या लक्षांत असतो, आणि आम्हां बिडकीनकरांस तो विशेष जवळचा वाटावा. राजा प्रथम हरिणीस अभय देतो. न्यग्रोध इतर मृगांसाठीं, मग पशुपक्ष्यांसाठीं, जलचरांसाठीं मागत जातो आणि राजा देत जातो. पण अभय मिळालेलीं हरणें शेतांतलें पीक खाऊं लागतात. शेतकरी राजाकडे गाऱ्हाणें नेतात. राजा म्हणतो, मी शब्द दिला आहे. तेव्हां न्यग्रोध आपल्या कळपास आज्ञा करतो कीं, कोणाचें पीक खाऊं नये. आणि शेतकऱ्यांस कळवितो कीं, कुंपण घालूं नका, शेताच्या कडेस खूण म्हणून पानें बांधा, तेवढी पुरे. दुर्बळास हक्क मिळाला कीं त्याची मर्यादा दुर्बळानेंच घालून घ्यावी, ही राजनीति त्या पानांत आहे.

बिडकीनच्या भूमीनें एका माणसाच्या हयातींत चार राज्यें पाहिलीं. 17 सप्टेंबर 1948 रोजीं निजामी अंमल संपला. मग हैदराबाद राज्य, 1956 सालीं द्विभाषिक मुंबई, आणि 1960 सालीं महाराष्ट्र. हैदराबादेंत मराठी, तेलुगु व कानडी एका छत्राखालीं होते आणि सरकारी कामकाज उर्दूंत चाले. म्हणून 'अनेक' म्हणजे काय हें येथील जुन्या माणसांस चित्रपटानें शिकवावें लागलें नाहीं. अलीकडे शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्रासाठीं येथील हजारों एकर शेतजमीन संपादित झाली. जेथें कापूस आणि बाजरी उभी राही तेथें रुंद रस्ते झाले. मोबदला, नोकऱ्या, पाणी, वांटण्या, भावाभावांतले दावे, हे प्रश्न घरोघर आहेत. 'गांव करी तें राव न करी' ही म्हण आपण अभिमानानें सांगतों. पण गांवानें करावें कसें, कोणाचे पाश आधीं तोडावे, आणि पाय चुकून डोक्यावर पडला तर क्षमा कशी घ्यावी, हें म्हण सांगत नाहीं. तें सांगणारी कथा आपल्या दाराशीं, पैठण आणि अजिंठा यांच्यामध्यें, दोन हजार वर्षें पडून आहे.

पंचतंत्र राजपुत्रांसाठीं होतें. लोकशाहींत राजपुत्र कोण, याचें उत्तर अवघड नाहीं: अठराव्या वर्षीं ज्यास मताचा अधिकार मिळावयाचा आहे तें प्रत्येक मूल राजपुत्रच होय, मग तें बंगल्यांत वाढो, वाड्यावर वाढो कीं पालांत. विजया मुळे यांच्या ताईनें त्यास गोष्टीचा पूर्वार्ध सांगितला, आणि तो इतका गोड सांगितला कीं पन्नास वर्षांनंतरही तो ओठांवर आहे. फिल्म्स डिव्हिजन 2022 सालीं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाली, आणि मुलांच्या डोळ्यांपुढें आतां देशोदेशींचीं चित्रें अष्टौप्रहर नाचत असतात. तेव्हां गोष्टीचा उत्तरार्ध सांगण्याचें काम एखाद्या सरकारी खात्याकडे सोंपवून भागणार नाहीं. पडद्यावर चिमण्या सुटल्या कीं घरांतल्या वडील माणसानें मुलांस विचारावें, 'मग पुढें काय झालें?' आणि लाव्यांची गोष्ट सांगावयास बसावें.